सहावं घर रिकामं

माझा भाऊ ऑरव्हिल ट्रेसलर बंदुका दुरुस्त करायचा आणि मी त्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे. एकतीस वर्षं. लग्न आम्ही दोघांनीही केलं नाही. त्याला कधी सवड झाली नाही, आणि दुकानात रोज येणारे पुरुष बघून मला कधी इच्छा झाली नाही.

दुकानाच्या मधोमध लाकडं जाळायची लोखंडी शेगडी होती आणि तिच्याभोवती चार स्टुलं. उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगरात जेवढी माणसं तेवढ्याच रायफली, आणि रायफली तेवढी मतं. थर्टी-थर्टीच्या काडतुसानं अस्वल पडतं की नाही यावरून दोन सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. कुणाला चापाखालचा दांडा ओढून भरायची जुनी रायफल हवी, कुणाला वरची खिटी सरकवून भरायची. कुणी दुर्बीण लावली की उरलेले तिघं विचारणार, हरणं मारायला निघालास की चंद्र बघायला? मी कॉफी ओतायचे आणि ऐकायचे. बायकोशी चार शब्द न बोलणारे हे लोक बंदुकीच्या अक्रोडी दस्त्यावर दुपारभर बोलत बसायचे.

ऑरव्हिलचा धर्म एकच. कारखान्यातून जसं आलं तसंच राहू दे. पोलादावरचा जुना निळसर मुलामा घासून नवा चढवायला कुणी आलं, तर तो त्या माणसाकडे असा बघायचा की माणूस आल्या पावली परत जायचा. जुन्या रायफलीला दुर्बीण बसवायला भोकं पाडून हवीत म्हणून एकजण आला, तर ऑरव्हिल म्हणाला, "आधी माझ्या टाळूत पाड, मग तिला पाडू."

त्याच्या खालोखाल क्लीट होफर. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. दुर्बीण लावायची तर चौपट मोठं दाखवणारीच लावावी, नऊपटवाले आळशी, त्यांना जवळ चालत जायला नको, असं त्याचं म्हणणं. एक स्क्रू दाखवा, क्लीट रायफलीचं साल सांगणार. आणि ओळखलं की बोलल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. मयताला गेला तरी त्या घरातल्या भिंतीवरच्या बंदुकीची चूक काढून यायचा.

पण ऑरव्हिलचा खरा जीव जुन्या रिव्हॉल्वरवर. दर गोळीला अंगठ्यानं मागचा घोडा ओढावा लागतो ते. तो ओढताना चार खटके वाजतात. ऑरव्हिल डोळे मिटून ऐकायचा. चर्चमध्ये मी त्याला कधी डोळे मिटलेलं पाहिलं नाही.

या रिव्हॉल्वरची एक खोड आमच्याकडे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असते. घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकतं. पडलं, आपटलं, तर चाप न ओढता गोळी सुटते. म्हणून चक्रीच्या सहा घरांत पाचच गोळ्या भरायच्या. एक भर, एक सोड, चार भर, घोडा मागे ओढ आणि हळूच खाली टेकव. तो बरोबर रिकाम्या घरावर येतो.

मग रिव्हॉल्वर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आलं. जुनी रिव्हॉल्वरं पाठवा, आत नवा भाग फुकट बसवून देतो, काढलेले जुने भाग छोट्या पिशवीत घालून परत करतो. त्यानंतर सहाही घरं खुशाल भरा. ऑरव्हिलनं ते पत्र शेगडीच्या वर भिंतीला ठोकलं आणि खाली जाड पेन्सिलीनं लिहिलं, "ज्यांना पाचपर्यंत मोजता येत नाही त्यांच्यासाठी." लोक महिनाभर हसत होते. ऑरव्हिलच्या रागाचं कारण एवढंच, की नवा भाग बसला की घोडा जड होतो आणि ते चार खटके जातात.

ऑगस्टमध्ये एमेट स्वोप खोका घेऊन आला. एमेट शाळेची बस चालवायचा आणि ऑरव्हिलचा पहिलीपासूनचा मित्र. मोठा लाजाळू माणूस. चौथ्या स्टुलावर बसून तो इतरांची मतं ऐकायचा. त्या दिवशी क्लीट दातांसाठी गावाबाहेर गेला होता, दुकानात आम्ही तिघंच. खोक्यात एमेटच्या वडिलांचं रिव्हॉल्वर होतं.

"कारखान्यात पाठवायचंय," एमेट माझ्याकडे बघत म्हणाला. "लुआन मागे लागलीय. तिनं ते पत्र वाचलं."

लुआन म्हणजे त्याची बायको. मी कारखान्याच्या पत्त्याची चिठ्ठी लिहायला घेतली. ऑरव्हिल आतून हात पुसत आला, खोका उघडला, चक्री रिकामी आहे ना ते पाहिलं आणि एमेटच्या कानापाशी नेऊन घोडा ओढला. चार खटके.

"ऐकलास? तुझ्या बापाचा आवाज आहे हा. आणि तू त्याची जीभ कापायला पाठवतोयस?"

"अरे, पण लुआन..."

"लुआनला काय कळतंय त्यातलं? पाचच भरतोस ना?"

"पाचच."

"मग? हे बघ, महिनाभर माझ्या तिजोरीत ठेव. मग घरी ने आणि सांग, दुरुस्त होऊन आलं. तिलाही बरं, तुलाही बरं."

एमेटनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन अशी त्याला आशा होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणाले, "घरात शांतता हवी असेल तर नवऱ्यानं थोडं खोटं बोलावंच, एमेट." आणि हसले. चिठ्ठी लिहून झाली होती. ती मी गल्ल्याखालच्या खणात टाकली. सप्टेंबरात एमेट रिव्हॉल्वर घरी घेऊन गेला.

हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला सोमवार म्हणजे आमच्याकडे शाळा बंद, गिरणी बंद. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला एमेट क्लीटला ओढ्याकाठी मेलेला सापडला. बर्फाळ ओंडक्यावरून त्याचा पाय घसरला होता. कमरेचं रिव्हॉल्वर घोड्याच्या बाजूनं दगडावर आपटलं होतं आणि गोळी मांडीतून गेली होती. रक्ताचा डाग बघून क्लीटला आधी वाटलं, कुणीतरी तिथं हरीण सोललंय. चक्रीत एक उडालेलं काडतूस होतं आणि पाच भरलेली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्यांचं जेवण होतं. ऑरव्हिल ज्याला त्याला सांगत होता, "सहा भरली त्यानं. एमेटनं! मी शिकवलेला माणूस. एवढा बेफिकीर कसा झाला?" माझ्या भावाला दुःख झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. झालं होतं. पण दुःखाच्या आडोशाला उभं राहून तो स्वतःला सोडवून घेत होता, आणि ते ऐकताना मला त्याची चीड आली. पलीकडच्या टेबलाशी लुआन बशी हातात धरून बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

जानेवारीत ती दुकानात आली. शेगडीपाशी ऑरव्हिल आणि क्लीट होते. तिनं पोलिसांकडून परत मिळालेलं रिव्हॉल्वर कागदी पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं.

"तुम्ही सगळे म्हणताय एमेट बेफिकीर होता," ती म्हणाली. "तो नव्हता. पाचच भरून त्यानं पट्टा आदल्या दिवशी खुंटीला लावला होता. सहावी मी घातली."

क्लीटनं हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

"सफरचंदांच्या झाडांत अस्वल फिरत होतं ना आमच्याकडे. म्हटलं, असू दे एक जास्त. दुरुस्त होऊन आलंय, पत्रात लिहिलंय सहा चालतात. त्याला सांगायचं राहिलं. सकाळी तो घाईत निघाला." तिनं हातमोजे काढले. "आता वकील म्हणतो, दुरुस्ती नीट झाली नव्हती, कारखान्याला जाब विचारू. त्याला ती जुन्या भागांची पिशवी हवीय. घरात कुठं सापडत नाही. इथंच राहिली असेल, ऑरव्हिल?"

मी भावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. इतके दिवस तो मेलेल्या मित्राला दोष देत होता आणि आता सगळं त्याला एकदम उमगलं. ते रिव्हॉल्वर कारखान्यात गेलंच नाही, एवढं एकच वाक्य त्यानं बोलायचं होतं. ते बोललं की या बाईला कळणार, की नवरा आपल्याशी खोटं बोलला आणि आपण मायेनं घातलेल्या गोळीनं त्याचा जीव गेला. नाही बोललं, तर ती कारखान्याला शिव्या देत सुखानं जगेल. निदान झोपेल तरी. आणि ऑरव्हिल सुटेल. खणातली चिठ्ठी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. मीही गप्प बसले.

"बघतो," ऑरव्हिल म्हणाला आणि आत गेला. खण उघडल्याचा आवाज आला. सुट्या भागांनी भरलेले त्याचे खण कितीतरी होते. तो बाहेर आला तेव्हा हातात छोटी पिशवी होती. आत एक घोडा, एक चाप, दोन स्क्रू.

"ही घे," तो म्हणाला. "राहिलीच होती."

लुआननं पिशवी दोन्ही हातांत धरली. तिचे खांदे इतके खाली आले की मला वाटलं ती पडणार. "म्हणजे गेलं होतं ते," ती म्हणाली. "देवा. मला आपलं रोज वाटायचं, की..." आणि ती रडायला लागली. दफनाच्या दिवशीही ती रडली नव्हती.

क्लीट स्टुलावरून उठला. तिला धीर द्यावा म्हणूनच उठला असेल बिचारा. पण नजर पिशवीवर गेली, आणि मग त्याला कोण आवरणार?

"हा त्याचा घोडा नव्हे," तो म्हणाला. "याची शेपटी बघ ना, रुंद आहे. हा मोठ्या रिव्हॉल्वरचा. एमेटच्यात हा बसणारच नाही. ऑरव्हिल, दुसऱ्याच कुणाची पिशवी दिलीस की तू."

बोलून झाल्यावर त्यानं ऑरव्हिलचा चेहरा पाहिला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

लुआननं डोळे पुसले. तिनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि रिव्हॉल्वर ऑरव्हिलच्या पुढं सरकवलं. "घोडा ओढ," ती म्हणाली.

"लुआन, ऐक माझं..."

"एमेट म्हणायचा, दुरुस्तीनंतर ते चार खटके जातात. फार वाईट वाटायचं त्याला. ओढ घोडा."

ऑरव्हिलनं चक्री तपासली. तशातही सवयीनं तपासलीच. मग त्यानं घोडा ओढला. लुआननं प्रत्येक खटक्याला काउंटरवर एक बोट टेकवलं. चार बोटं टेकली.

"गेलंच नव्हतं," ऑरव्हिल म्हणाला. "मी जाऊ दिलं नाही. तुला खोटं सांगायलाही मीच शिकवलं त्याला. माझ्यामुळे मेला तो, लुआन. तुझ्यामुळे नाही."

"तू इथं उभा होतास, ऑरव्हिल," ती म्हणाली. "गोळी मी घातली."

मग तिची नजर शेगडीच्या वरच्या पत्राकडे गेली. त्याच्या खालची पेन्सिलीची ओळ तिनं सावकाश वाचली.

"मला मोजता येतं," ती म्हणाली. "आधी पाच मोजली मी. मग सहावी घातली."

रिव्हॉल्वर तिथंच टाकून ती गेली. क्लीटनं टोपी उचलली आणि तोही गेला. त्यानंतर दुकानात तो पुन्हा आला नाही, आणि मी ऐकलं की कुणाच्या भिंतीवरची बंदूक बघून तो आता काही बोलत नाही.

ऑरव्हिलनं ते पत्र काढलं नाही. मी ओळ पुसायला गेले तर माझ्यावर ओरडला. पुढची दोन वर्षं तो जुनं रिव्हॉल्वर असलेल्या घराघरांत गेला आणि विनवण्या करून खोके कारखान्यात पाठवत राहिला. पुष्कळांनी त्याची थट्टा केली, त्याचीच जुनी वाक्यं त्याला ऐकवली. तो ऐकून घ्यायचा. दर शनिवारी तो लुआनच्या अंगणात लाकडं फोडून रचून यायचा. तिनं कधी दार उघडलं नाही आणि कधी नको म्हटलंही नाही. तिसऱ्या हिवाळ्यात तो वारला, त्या आठवड्याची लाकडं फोडायची राहिली.

एमेटचं रिव्हॉल्वर मी त्याच जानेवारीत कारखान्यात पाठवलं होतं. चिठ्ठी तयार होती, माझ्या अक्षरातली, ऑगस्टमधली. ते परत आलं, जुन्या भागांच्या पिशवीसकट. लुआनला मी तीनदा निरोप धाडला, ती आली नाही. पिशवी गल्ल्याखालच्या खणात आहे, चिठ्ठी होती तिथंच. दुकान आता मीच उघडते. कुणी गिऱ्हाईक हौसेनं जुनं रिव्हॉल्वर दाखवायला घेऊन आलं आणि घोडा ओढायला लागलं, की मी मोजायला लागते, आणि चौथ्या खटक्याच्या आत उठून मागच्या खोलीत जाते.