मायने फेकलेली बोंडं

परवा धुळ्यात मैदानाशेजारी कुणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. त्या धुराच्या वासानं मला धरणगावचं आमचं शेत आठवलं.

मी तेव्हा नववीत होते. दुसऱ्या दिवशी सॉफ्टबॉलच्या जिल्हा संघाची निवड होती आणि माझी बॅट दरवेळी चेंडू निघून गेल्यावरच फिरायची. मी बॅट घेऊन बांधावर रडत बसले होते. कापूस वेचणारी माय पदरात न उमललेली बोंडं घेऊन समोर आली आणि एकेक बोंड माझ्याकडे फेकू लागली. मी उठून बॅट फिरवू लागले. सात-आठ बोंडं हुकल्यावर माय म्हणाली, "चेंडू जोडे उना का मंग तू पाय उचलस. मना हात मांगे गया का उचल."

चेंडू जवळ आल्यावरच मी पाय उचलते, हे तिनं हेरलं होतं. तिचा हात मागे जाताच मी पाय उचलून पुढे टेकला. बोंड बॅटवर फटकन फुटलं. माय लहान पोरीसारखी हसली, आणि ऊन उतरेपर्यंत फेकत राहिली.

माझी निवड झाली. आता मीही मुलींना खेळ शिकवते, चेंडू फेकून माझा खांदा भरून येतो. परवा घरी आल्यावर मी मायला विचारलं, "दिवसभर वेचून वर तेवढी बोंडं फेकलीस, खांदा दुखला नाही?"

"भलता दुखना," ती म्हणाली. "पन तुनं रडणं थांबनं ना!"