चार लॉऱ्यांचं भाडं

ती केस माझ्या मनातून अजून जात नाही. साल बासष्ट-त्रेसष्ट असेल. मी बेर्शेबाच्या ठाण्यात हवालदार होते. मराठी येणारी मी एकटीच, म्हणून आपल्यातलं, कोकणातून इकडे येऊन राहिलेल्या ज्यूंपैकी, कोणी पकडून आणलं की मला हाक यायची.

नेगेवच्या वाळवंटात एक तेल कंपनी विहिरी खोदत होती. लॉऱ्या तिच्या स्वतःच्या नव्हत्या, रोजाच्या भाड्याने लावलेल्या. कॅम्पावरचा स्टोअरकीपर रोज किती लॉऱ्या आल्या ते रजिस्टरात मांडायचा आणि तेल अविवचं ऑफिस त्यावरून भाडं चुकतं करायचं. एक दिवस निनावी फोन आला, की लॉऱ्या चार चालतात आणि भाडं आठांचं जातं, स्टोअरकीपर नि लॉरीमालक मिळून खातात.

साहेबांनी रजिस्टर जप्त केलं आणि स्टोअरकीपर धरून आणला. पन्नाशीचा, रेवदंड्याकडचा, मुंबईत गोदीत राबलेला. इथे आल्यावर दोन वर्षं रस्त्यावर खडी फोडली, तेव्हा कुठे ही सावलीतली नोकरी मिळाली होती.

साहेब हिब्रूत विचारायचे, लॉऱ्या किती? तो म्हणायचा, आर्बा, म्हणजे चार. साहेब रजिस्टर पुढे सरकवायचे, मग हे काय? तो बघून परत म्हणायचा, आर्बा. सकाळपासून हेच चाललेलं. साहेबांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. आता तुम्हाला सांगते, चोर असला की दुपारपर्यंत जबानी थोडी तरी हलते. याची हलत नव्हती.

मी रजिस्टर ओढून घेतलं नि कपाळावर हात मारला. तारखा छापील, आणि लॉऱ्यांच्या रकान्यात पानभर ४, ४, ४. तेल अविवच्या कारकुनाने ते इंग्रजी आठ म्हणून वाचलेले.

मी विचारलं, "काका, हा चार कुठला लिवलाय?"

"शाळंत शिकवला तोच. बाय, चाराचे का चार प्रकार असतात?"

मी त्याला साहेबांसमोर एक ते दहा लिहायला लावलं. साहेबांनी कागद फिरवून फिरवून पाहिला आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

लॉरीमालकाला बोलावलं तर तो शांतपणे म्हणाला, कंपनीने पैसे पाठवले, मी घेतले. जास्तीचे परत करायचं कबूल केलं, आणि त्याच्या लॉऱ्या पुढेही चालू राहिल्या. स्टोअरकीपरला मात्र कंपनीने काढलं. आकडे लिहिता न येणारा माणूस नको, म्हणाले.

मी त्याला सुटकेचा कागद दिला. त्याला हिब्रू वाचता येईना. विचारलं, "बाय, यात मी चोर नाय असं लिवलंय ना? मग हा दावला की परत घेतील?"

मी म्हटलं, घेतील. घेणार नाहीत हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं नोकरी करून मला एवढंच कळलं, की माणूस निर्दोष आहे असं लिहून देणं पोलिसाच्या हातात असतं. त्याला परत सावलीत बसवणं नसतं.