पाण्याच्या पिंजऱ्यातले केस

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशीच म्हणत. केस उगवायचं औषध शोधणारे साहेब स्वतः तुळतुळीत, पण त्यावर हसायचं नाही एवढी शिस्त तिथे होती. मावशीचं काम बावीस वर्षं तेच: उंदरांच्या पाठी भादरायच्या, डाव्या पिंजऱ्यातल्यांना औषध लावायचं, उजव्यातल्यांना नुसतं पाणी, म्हणजे फरक कळतो. हातमोज्यांचा नियम होता, पण रबर लागलं की उंदीर बिथरतात म्हणून ती उघड्या हातानेच धरायची. साहेबांनी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

नव्या औषधाच्या एकविसाव्या दिवशी सकाळी तिने उजवीकडचा उंदीर उचलला. गुलाबी पाठीवर काळ्या केसांचा एक ठिपका होता. तिने अंगठा टेकवला, तंतोतंत बसला. दुसरा उंदीर, तिसरा, सहाच्या सहा. साबणाने धुतलेल्या हातांतूनही औषध उतरत होतं.

डावीकडच्या पाठी केसांनी गच्च भरल्या होत्या. पण सोमवारपासून तिथला एकही उंदीर खात नव्हता. भिंतीकडे तोंड करून नुसते बसले होते, आणि आज त्यातले दोन मेले होते.

मावशीला घोर लागला, तो उंदरांचा नव्हे. घरी एकोणीस वर्षांची लेक होती. वर्षापूर्वी तिचे केस पुंजक्या-पुंजक्याने गळाले, कॉलेज सुटलं, आरसे झाकले गेले. रोज संध्याकाळी मावशी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसे. आठवड्यापूर्वी केस फुटू लागले तेव्हा माय हरखून गेली होती. साहेबांना सांगितलं तर नोकरी जाणार, ते उद्या बघू, आधी पोर, म्हणत ती दुपारीच घरी निघाली. मेली अक्कल कुठे चरायला गेली होती, असं वाटभर स्वतःला कोसत होती.

ओट्यावर जेवणाचं ताट तसंच झाकलेलं होतं.

"जेवली नाहीस?"

"भूकच नाही गं."

तिने लेकीला खिडकीपाशी उजेडात बसवलं. डोक्यावर केसांच्या चार रेघा होत्या, कपाळाकडून मागे गेलेल्या, बोटांच्या अंतरावर. मावशीने सगळं सांगून टाकलं: औषध, हात, न खाणारे उंदीर. "आत्ताच डॉक्टरकडे जाऊ. आणि यापुढे मी हात लावायची नाही."

लेकीने विचारलं, "किती दिवस लागले त्यांना?"

"मरायला?"

"नाही, सगळे केस यायला."

लेकीने तिचा हात उचलला, टाळूवर जिथे अजून काहीच उगवलं नव्हतं तिथे ठेवला आणि दाबून धरला.

"एवढंच राहिलंय, आई."

मावशी हात ओढू लागली, पण पोर सोडेना.