तळाशी तुटलेल्या तारा

पेणच्या बाजारात काळुराम बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. तरुणपणी चार वर्षं मुंबईत एका पियानोवाल्याकडे काढली होती. तेवढ्या शिदोरीवर तो आसपासच्या दोन-चार जुन्या पियानोंचाही डॉक्टर झाला. डॉक्टर चांगला, पण फटकळ. ज्यानं वाद्याची हेळसांड केली त्याला तोंडावर सुनवायचा. आपल्याला खोटं बोलता येत नाही याचा त्याला जरा गर्वच होता.

१९९४ साली, पाऊस सरता सरता, रोह्याजवळच्या वरसेहून शांतीबाईंचं बोलावणं आलं. बाई निवृत्त शिक्षिका, घरी एकट्या. नवऱ्यामागे राहिलेला पियानो रोज संध्याकाळी वाजवायच्या. पंधरवड्यात त्याच्या चार तारा तुटल्या आणि बाईंचं जेवणावरचं मनच उडालं.

"आता हा जगत नाही," त्या म्हणाल्या.

"तार कुठं तुटली ते बघू द्या, बाई. मग रडा."

बाई चष्मा आणायला आत गेल्या. काळुरामनं खालची फळी काढली. जुनी तार बहुधा वर तुटते, खुंटीभोवती पीळ घेते तिथं. इथं चारही तळाशी तुटल्या होत्या. वर सगळं स्वच्छ, खाली लाल गंज. त्यानं कोपऱ्यात हात घातला. फडक्याची पोटली लागली, ओलीगच्च. बोट चाटून पाहिलं तर मीठ.

घरकाम करणारी हौसा मागेच उभी होती. माहेर पेणकडच्या मिठागरातलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"दरसाल मीच ठेवते, काका. बाच्या आगरातलं मीठ. ओल ओढून घेतं ना?"

"ओढतं, आणि तिथंच धरून बसतं. तारा ह्या मिठानंच खाल्ल्या."

"बाईंना नका सांगू. बारा वर्षं हाय मी इथं."

काळुरामला तिची दया आली. त्यानं पोटली पिशवीत कोंबली. दोन दिवस खपून चार नव्या तारा चढवल्या, हळूहळू ताणून सुरात आणल्या. बाईंनी वाजवून पाहिलं. डोळे भरून आले त्यांचे.

"कशानं हो तुटल्या?"

"हवा, बाई. आपली दमट हवा."

बाई वळल्या. "ऐकलंस ना गो हौसा? पुढच्या पावसाला मिठाच्या दोन पोटल्या ठेव. एकीनं भागत नाही."

काळुरामनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. आपलं एक खोटं दोन पावसांत हा पियानो संपवणार. त्यानं पिशवीतली पोटली काढून समोर ठेवली.

"खोटं बोललो, बाई. हवेनं नाय, ह्या मिठानं तुटल्या."

"मीच ठेवली," हौसा रडू लागली. "चूक झाली, बाई."

शांतीबाई हौसाकडे वळल्या.

"आणि दरसाल तुला शाबासकी कोण देत होतं? मीच ना?"

त्यांनी पोटली उचलली, अंगणात नेऊन रिकामी केली आणि परत येऊन पियानोसमोरच्या बाकावर जरा सरकून बसल्या.

"ये, बस इथं. नव्या तारा कुठल्या, पट्ट्या दाबून बघ."

बारा वर्षं पियानो पुसणाऱ्या हौसानं पदराला हात पुसले आणि तो वाजवायला पहिल्यांदा पट्टीवर बोट ठेवलं.