कढीपत्ता आणि शाळेची किल्ली

सुलभाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत होते. महिना झाला, रडून झालं, पण राग काही उतरत नाही... नालासोपाऱ्याजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी उभा जन्म काढला. शोकसभेत शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, "आदर्श शिक्षिका!" मग जिवंतपणी त्यांना वर्गात टिकू का दिलं नाही? चार इयत्तांना एकट्या बाई, आणि त्यांच्याच मागे मतदारयाद्या, सर्वेक्षणं, बैठका. अशा दिवशी शाळेची किल्ली कुंपणावरून माझ्या हातात यायची. "ताई, पोरं आली की उघडा. पाढे घ्या, तोवर येतेच." मी चौथी पास! माझा तेराचा पाढा अजून अडखळतो.

तरुणपणी मात्र माझा तोरा बघायला हवा होता. बाई नव्या होत्या, दारोदार फिरून मुलं गोळा करत होत्या. "ताई, समीरला पाठवा की. दारातली शाळा आहे." मी नाक वर करून म्हटलं, "आमचा समीर टायवाल्या शाळेत जाणार!" गेला. तिसरीत आला तरी धड वाचता येईना, ना इंग्रजी ना मराठी. मग ही टायवाल्याची आई त्याला संध्याकाळी मागच्या दाराने बाईंच्या ओट्यावर पाठवू लागली. शेजारणींनी विचारलं तर मी सांगायचे, कढीपत्ता आणायला गेलाय. रोज! बाईंना ते कळलं. त्या दिवसापासून समीर परत येताना त्याच्या हातात कढीपत्त्याची डहाळी असायची... वाचायलाही तिथेच शिकला.

माझं बघून सगळ्या गावाने पोरं काढली. उरली ती बाहेरून कामाला आलेल्यांची, चाळीतली. पट आम्ही तोडला आणि आता साहेब कुलूप घेऊन आलेत.

गेल्या आठवड्यात खरंच आले. "आजी, किल्ली तुमच्याकडे असते ना? ही शाळा आता पलीकडच्या शाळेत जाणार."

"मधल्या रस्त्यावर डंपर धावतात. सहा वर्षांची पोरं तो ओलांडणार?"

"वरून आदेश आहे."

"वर कुणाची पोरं जातात हो ह्या शाळेत? दोन शिक्षक द्या, त्यांना नुसतं शिकवू द्या, मग बघा पट. माझी नात आधी घालते."

"बरं, पण किल्ली?"

"किल्ली... म्हातारपण हो, कुठे ठेवली आठवतच नाही."

मागून चाळीतली पिंकी ओरडली, "आजी, वो तो आपकी कमर में है!" मी तिच्या तोंडात लाडू कोंबला.

साहेब गेले. पिंकीने लाडू गिळून विचारलं, "बाई कब आयेंगी?" दुसऱ्या दिवशी दहाला शाळा उघडली, तेराचा पाढा घेतला, चुकला, पिंकीने सुधारला. येताना बाईंच्या ओट्याजवळची एक डहाळी तोडून आणली.

किल्ली कंबरेलाच आहे, साहेब. शिक्षक घेऊन या, लगेच सापडेल.