गेरूच्या तीन फुल्या

ज्यांचं मी वाटोळं केलं त्यांचं नाव हिराजीकाका. वेळ — तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सव्वानऊ ते साडेदहा. जागा — डोंबिवली पश्चिमेचं रेतीबंदर. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्यांच्याबरोबर उन्हातान्हात पत्रकं वाटली त्या पोरापोरींनाही नाही.

माझं नाव केतकी. तुमच्यापैकी काहींच्या हातात मी पत्रक कोंबलेलं असेल, रिक्षाच्या रांगेत, भाजी घेताना. खाडीत रोज रात्रंदिवस भराव पडतोय, तो कोण टाकतं, कोण बघून न बघितल्यासारखं करतं, हे मी नावानिशी लिहायचे. पहिल्याच ओळीत दोषी कोण ते सांगायचं, पाल्हाळ लावायचा नाही — हे मी तिथंच शिकले. म्हणून सुरुवात तशीच केली. पण आता हात अडतोय. दुसऱ्यांची नावं लिहिताना कधी अडला होता का? एकदाही नाही.

आधी बोटीचं सांगते. बोट सरांची. सर आमच्याच सोसायटीतले, जहाजांवर इंजिनियर म्हणून जन्म काढलेले. त्यांची बायको सुलभाताई शाळेतून निवृत्त झालेल्या. दोघांनी ठरवलेलं, की यापुढे शिडाच्या बोटीतच राहायचं, आणि पहिली मोठी मजल अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेचा किनारा. सोसायटीत लोक हसले. त्यांनी फ्लॅट विकला तेव्हा हसणं थांबलं.

छत्तीस फुटी जुनी लाकडी बोट. डोलकाठी उतरवून, खाडीवरच्या पुलांखालून ओढत आणलेली आणि उधाणाच्या भरतीला चिखलावर चढवलेली. पावसाळाभर ताडपत्रीखाली काम चाललं. चातुर्मासात लग्नाचा हॉल रिकामा मिळाला, तिथं शीड पसरून एका मांडववाल्याकडून शिवून घेतलं. आतली शेगडी झोपाळ्यासारखी टांगली, बोट कलली तरी कुकर सरळ राहावा म्हणून. सुलभाताईंनी डाळींच्या बरण्यांची झाकणं मेणानं बंद केली. सागाच्या फळ्यांचा टेम्पो शीळफाट्याला अडकला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बसून पुढचं पत्रक लिहीत होते. मी तिथं का होते? कारण बोट खाडीतून समुद्राकडे जाताना तिच्या अंगावर आमची घोषणा असणार होती. सरांनी आनंदानं हो म्हटलं होतं.

आणि लाकडाचं सगळं काम हिराजीकाकांचं. सत्तरी उलटलेली, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, बापाकडून होड्या बांधायला शिकलेले. त्यांची एक रीत होती. हातात छोटी लाकडी हातोडी घेऊन ते बोटीच्या अंगावर वीत-वीत अंतरानं ठोकत जायचे आणि डोकं तिरकं करून ऐकायचे. आवाज पोकळ आला की तिथं गेरूनं फुली. मग ती जागा कोरायची, नवा तुकडा बसवायचा, फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, वर राळ. मग परत हातोडी. आवाज भरीव आला तरच ओल्या फडक्यानं फुली पुसायची. आणि फुली ज्यानं काढली त्यानंच पुसायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. सरांना एकदा बजावलं होतं, तुमची बोट असंल, फुली माजी हाय.

शनिवारी संध्याकाळी ते नातीच्या हळदीला गेले. तुळशीचं लग्न लागलं की कोळीवाड्यात हळदी सुरू होतात, दोन दिवस कोणी कामाला मिळत नाही. निघताना त्यांनी मला बोटीच्या डाव्या अंगाला नेलं. तिथं तीन फुल्या उरल्या होत्या, पाण्याच्या रेषेच्या जरा वर.

"या तीन जाग्यांना हात लावू नको बाय. सोमवारी येतंय नी बघतंय."

मी हो म्हटलं.

रविवारी अकरा वाजता पत्रकार येणार होते. कॅमेरावाले दोघं. मी आठवडाभर फोन करून जमवलेले. आणि घोषणा डाव्या अंगालाच हवी होती, कारण बंदराच्या रस्त्यावरून तेवढीच बाजू दिसते. सर-सुलभाताई ठाण्याला औषधं आणायला गेलेले. मी एकटीच होते. तारेचा ब्रश घेतला. फुल्या घासल्या. गेरू लाकडात मुरलेला, सहज निघेना — म्हणजे माझा हात नकळत फिरला असं मला म्हणता येणार नाही. एक, दोन, तीन. वर रंगाऱ्याची लांबी भरली, निळा पट्टा ओढला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: ही खाडी आहे, नाला नव्हे.

फोटो छान आला.

इथंच थांबले असते, सोमवारी सांगून टाकलं असतं, तर हा मूर्खपणा ठरला असता. मूर्खपणाची कबुली कोण देतं?

सोमवारी काका आले. हळदीचे हात अजून पिवळे. डाव्या अंगाशी येऊन थांबले.

"ह्ये कवा झालं?"

आता ऐका. बोट चिखलावर होती. ती उचलली जाणार फक्त मोठ्या उधाणाला, त्रिपुरी पौर्णिमेच्या — म्हणजे बुधवारपर्यंत. ती भरती चुकली की पंधरा दिवस थांबायचं. आणि तीन जागा परत कोरायच्या म्हणजे भरती चुकणारच. बुधवारी बंदरावर दीडशे लोक येणार होते, माझ्या पत्रकावरून.

"शनिवारी तुम्हीच केलंत ना काका," मी म्हटलं. "जायच्या आधी. विसरलात?"

ते हसले. म्हातारा झालू म्हणाले. पण ऐकायचे नाहीत ते — बोटाच्या पेरानं त्या निळ्या पट्ट्यावर टकटक केली, डोकं तिरकं केलं.

"आवाज बरोबर नाय येत, बाय."

"लांबी भरलीये ना वरून, म्हणून. रंग ओला आहे, ठोकू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातोडी पिशवीत टाकली.

बुधवारी ढोल वाजले, बोट तरंगली. पाण्याचा एक थेंब आत आला नाही. मला किती हायसं वाटलं! वाटलं, बुजल्या असतील त्या जागा. खाडीभर इंजिनावर सरळ गेली, कोरडी ठणठणीत. पूल संपल्यावर वसईच्या बाजूला डोलकाठी उभी केली आणि शुक्रवारी सर-सुलभाताई पहिल्यांदा शीड लावून बाहेर पडले. मलाही बोलावलं होतं. ठाण्याला मीटिंग आहे, असं सांगितलं. मीटिंग नव्हती.

शीड भरलं की बोट कलते. हे मला तीन महिन्यांत दहा वेळा सांगितलेलं. डावीकडे कलली, निळा पट्टा पाण्याखाली गेला, आणि फळी उघडली. आतल्या लाकडी जमिनीवरच्या चपला तरंगायला लागल्या तेव्हा त्यांना कळलं. पंप भुश्शानं तुंबला. एका मासेमारी बोटीनं दोघांना ओढून घेतलं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं घर खाली गेलं — शेगडी, मेणाच्या बरण्या, सगळं. जिवंत आहेत दोघं. कल्याण पूर्वेला एका खोलीत भाड्यानं राहतात. सुलभाताई अजून खिडकीकडे पाठ करून बसतात.

अजूनही मी मूळ गोष्टीवर आलेले नाही. लक्षात येतंय ना तुमच्या? मी गोल गोल फिरतेय.

बोट बुडाली त्यानंतरच्या रविवारी सगळे बंदरावर जमले. सर, माझे सोबती, काकांच्या कोळीवाड्यातले दोन-चार. काका एका बाजूला उकिडवे बसलेले. सर एवढंच विचारत होते, की डाव्या अंगाला झालं काय? माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. माझ्यावर संशयच नव्हता. तरी मी बोलले.

"काका दोन दिवस हळदीला होते ना."

एवढंच. यात खोटं एक अक्षर नाही. आणि पुढचं काय ते सगळ्यांनी आपापलं भरून घेतलं. हळद म्हणजे काय असतं, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही — डीजे, मटण, बाटल्या. म्हातारा दोन दिवस पिऊन पडलेला, तसाच कामावर आला, फळी कशीतरी ठोकली. चार दिवसांत ही गोष्ट दिवा गावापासून कोलशेतपर्यंत पोचली. हिराजीकाका तीस वर्षं पीत नाहीत. मला माहीत होतं. पावसाळाभर मी त्यांच्यासोबत बिनसाखरेचा चहा प्यायलेले. आणि बरं का, त्याच्या वर्षभर आधी मीच पत्रक काढलेलं: खाडीकाठच्या माणसांना दारुडे आणि ऐतखाऊ म्हणणं बंद करा. तीन हजार प्रती. स्वतः वाटलेल्या. म्हणजे कोणतं वाक्य कुठं घुसतं, याचं शिक्षण झालेलं माझं. मी नेम धरून बोलले.

काकांनी मान वर केली नाही. ते का गप्प राहिले, हे मला पुढच्या पावसाळ्यात कळलं. त्यांना दोन होड्यांची कामं येणार होती, ती गेली. तिसरी त्यांनी स्वतःच नाकारली. त्यांच्या अंगणात गेले तेव्हा ते दोरीचा गुंता सोडवत बसलेले. मला वाटलं, विचारतील. उलट तेच सांगायला लागले, लाज वाटल्यासारखे.

"मी केलं शनिवारी, नी मनाच आठवत नाय. कान गेला माजा, पोरी. लाकूर बोलतं त्ये ऐकू येत नाय आता."

समजलं तुम्हाला? त्यांना वाटतं, ते काम त्यांनीच केलं आणि त्यांनीच बिघडवलं. मी सांगितलं म्हणून. आणि मग आत जाऊन त्यांनी ती लाकडी हातोडी आणली, माझ्या हातात दिली.

"घे. तुज्या कागदांवर ठेव. वाऱ्यानं उडनार नाय."

मी ती घेतली. त्या क्षणी तरी बोलायचं होतं — नाही बोलले. घरी आणली. दोन वर्षं ती माझ्या टेबलावर पत्रकांच्या गठ्ठ्यावर आहे. आत्ता, हे लिहिताना, इथंच आहे.

हे छापून यायच्या आधी मी त्यांच्या अंगणात जाऊन त्यांना वाचून दाखवणार आहे, हातोडी सोबत घेऊन. मग सर-सुलभाताईंकडे. ते काय म्हणतील, हे तुम्हाला कळवणार नाही. आणि माझ्या वयाचं, चळवळीचं, त्या दीडशे लोकांचं कारण मी पुढे करणार नाही. माफीही तुमच्याकडे मागत नाही, ती तुमच्या हातात नाही.

तुमच्या हातात जे आहे ते करा. हळदीची ती गोष्ट तुम्ही ऐकलीत ना? कुठंतरी हसत पुढे सांगितलीही असेल. ज्याला सांगितलीत त्याला आज गाठा. सांगा, की फुल्या तीन होत्या आणि त्या केतकीनं घासल्या. आणि सोमवारी म्हाताऱ्यानं बोटाच्या पेरानं ठोकून सांगितलं होतं, आवाज बरोबर नाही. त्याचा कान शाबूत होता. हे त्याच शब्दांत सांगा, आणि माझं नाव गाळू नका.