चौदाव्या रकान्यातलं माझं ‘लागू नाही’

“मेधा, माझं बजेट मला यासाठी वापरता येईल का?” डेक्लनने स्क्रीनवरून विचारलं. मी आधी मागे वळून गाडीच्या काचा नीट बंद आहेत ना ते पाहिलं.

२०२० सालचा ऑक्टोबर होता. डब्लिनपासून दूर मेयो जिल्ह्यात, कासलबारला आमच्या घरासमोर, आमच्याच गाडीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी बसले होते. लॉकडाउनमुळे ऑफिस घरी आलं होतं. डायनिंग टेबलच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझा नवरा सुहास. क्लायंटचं खाजगी बोलणं निघालं की मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडायचे.

‘यासाठी’ म्हणजे कशासाठी, हे सांगायला हवं. डेक्लनने आडवळणाने विचारलं नव्हतं. आडवळण माझं आहे. त्याने सरळ ‘सेक्स वर्कर’ म्हटलं होतं. काही देशांत अपंग माणसाला सरकारी निधीतून अशी सेवा घेता येते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सगळे ‘ओटी’ म्हणतात. व्यायाम करून घेते ती फिजिओ. माझं काम वेगळं. अपघातानंतर किंवा आजारानंतर माणूस आंघोळ कशी करेल, शर्टाची बटणं कशी लावेल, चहा कसा करेल, ते मी बघते. डेक्लन तेव्हा छत्तीसचा होता. सहा वर्षांपूर्वी शेतात चार चाकांची क्वाड बाइक अंगावर उलटली, मणका मोडला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. हात उत्तम. आई ब्रीडाबरोबर कासलबारच्या बाहेर राहायचा. त्याला सरकारकडून पर्सनल बजेट मिळायचं, म्हणजे त्याच्या गरजांसाठी राखून ठेवलेला निधी. पण त्यातली प्रत्येक गोष्ट सरकारी पॅनेल मंजूर करणार, आणि ‘ही गरज खरी आहे’ असं लिहून सही करणार मी.

“मला बघावं लागेल,” मी म्हटलं.

“तुला उत्तर माहिती आहे. सांगून टाक ना.”

माहिती होतंच. या देशात ती सेवा पैसे देऊन घेणं गुन्हा आहे. मग सरकारी पैशाने घेण्याचा प्रश्नच नाही. मी तसं सांगितलं.

“ग्रँड,” तो म्हणाला. इथे हा शब्द ‘बरं’पासून ‘मेलो मी’पर्यंत कशालाही चालतो. मग त्याने ऑर्लाबद्दल सांगितलं.

ऑर्ला डंडॉकची. देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. व्हीलचेअरवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर तिच्या भावासाठी काहीतरी विचारायला आली आणि डेक्लनशी बोलत राहिली. सात महिने रोज फोन. भेट एकदाही नाही. उन्हाळ्यात बंदी सैल झाली तेव्हा भावाला जपायला ती घरीच राहिली, आणि आता परत घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. प्रवास खुला झाला की ती येणार होती.

“ती येईल ना, तेव्हा मला पहिल्यांदा कळायला नको,” तो म्हणाला. “माझ्या खुर्चीच्या टायरमध्ये हवा किती लागते ते मला पाठ आहे. पण या बाबतीत माझ्या शरीरात काय चालतं आणि काय नाही, हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारू?”

“बघते” म्हणून मी वेळ मारून नेली.

माझी मॅनेजर ग्रॉनिया. साठीला आलेली, बोलायला फटकळ. तिला फोन केला.

“सेक्स वर्करला कायद्याने नाही. संपलं,” ती म्हणाली. “पण त्याने आणखी काय विचारलं?”

“आपलं शरीर काय करू शकतं, ते.”

“मग ती गरज झाली. ती कोण भागवू शकतं?”

शोधल्यावर सापडलं. डब्लिनमध्ये एक सेक्स थेरपिस्ट होती, मूळची मणक्याच्या रुग्णांच्या वॉर्डातली नर्स. ती व्हिडिओवर सेशन्स घ्यायची. मी अर्ज लिहिला. आठ सेशन्स, एक मेडिकल डिव्हाइस, आणि वरखाली होणारा इलेक्ट्रिक बेड, पण डबल. सिंगल हॉस्पिटल बेड त्याच्याकडे होता. डिव्हाइस काय ते इथे लिहीत नाही. कॅटलॉगमध्ये ते वॉकर आणि कमोडच्या मधल्या पानावर असतं, एवढं सांगते.

तीन आठवड्यांनी पॅनेलचं उत्तर आलं. एका ओळीचं. अर्ज नामंजूर. कारण: मूळ असेसमेंटमध्ये गरज नोंदलेली नाही, रकाना चौदा पाहावा.

मी फाइल काढली. असेसमेंट म्हणजे आमचा लांबलचक प्रश्नांचा फॉर्म, ज्याच्या जोरावर पुढचं सगळं मंजूर होतं. डेक्लनचा मीच अडीच वर्षांपूर्वी भरला होता. रकाना चौदा: जवळीक आणि लैंगिक जीवन. त्यासमोर माझ्या अक्षरात ‘लागू नाही’. खाली माझी सही.

मला तो दिवस लख्ख आठवला. त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तेरा प्रश्न झाले होते. तेवढ्यात ब्रीडाने प्रेसमधून बशा काढल्या, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ॲपल टार्ट समोर ठेवला. मी चौदावा प्रश्न वाचला, मनातल्या मनात. आणि लिहून टाकलं. विचारलंच नाही.

मग मी बाकीच्या फाइल्स काढल्या. एकेक उघडत गेले. सगळीकडे ‘लागू नाही’. लग्न झालेले, न झालेले, तरणेताठे, म्हातारे, सगळ्यांना लागू नाही. नागपूरला कॉलेजात हा धडा आला तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, “हे घरी वाचून घ्या.” आम्ही मुलींनी माना डोलावल्या आणि कुणी वाचला नाही. इथे मेयोत आले तर इथलीही माणसं या विषयावर तशीच गप्प. मला ते फार सोयीचं पडलं. मला माझीच लाज वाटली, खरं सांगते.

ग्रॉनियाला सांगितलं.

“परिस्थिती बदलली, असं लिहिता येईल,” ती म्हणाली. “कुणी विचारणार नाही.”

“मग?”

“मग नवीन असेसमेंट. रांगेत उभं राहायचं. सहा-आठ महिने. जुन्यातली चूक दुरुस्त करायची असेल तर रांग नाही. पण मग चूक कुणाची, ते लिहावं लागेल. आणि तुझ्या बाकीच्या फाइल्स तपासायला मागतील.”

सुहास क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस. मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये दुसऱ्यांच्या चुका नोंदवणं हाच त्याचा धंदा. नाव न सांगता त्याला विचारलं. तो पोहे परतत म्हणाला, “चूक आहे तर आहे म्हणून लिही. तू रोज मला हेच सांगतेस.” असा राग आला म्हणून सांगू.

आधी डेक्लनला फोन केला. पुन्हा गाडीतून. सगळं सांगितलं.

“तू मला पायाची नखं कशी कापतो ते विचारलं होतंस,” तो म्हणाला. “दहा मिनिटं. नखांवर दहा मिनिटं बोललो आपण.”

“हो.”

“सहा वर्षं गेली, मेधा. त्यातली अडीच तुझी आहेत.”

मी माफी मागितली. त्याने ‘चालतं’ म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. शेवटी म्हणाला, “मग आता ये आणि विचार.”

डिसेंबरमध्ये मास्क, एप्रन, ग्लव्हज असा सगळा जामानिमा करून गेले. तेच स्वयंपाकघर. ब्रीडा किटली लावत होती.

“ब्रीडा, आज मला डेक्लनशी एकट्याशी बोलायचंय. तुमची हरकत नाही ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. किटली बंद केली आणि कोट अंगात घातला. “मी कोंबड्यांचं बघते. तासभर लागेल मला,” म्हणाली. त्यांच्याकडे पाच कोंबड्या होत्या.

चौदावा प्रश्न मी मोठ्याने वाचला. आवाज कापला. डेक्लन म्हणाला, “तू पाणी घे आधी.” मग आम्ही दोघंही हसलो, आणि त्यानंतर सोपं गेलं. काय जाणवतं, काय नाही, काय हवंय, कशाची भीती वाटते. चार पानं भरली.

वर मी लिहिलं: ‘पहिल्या वेळी हा प्रश्न विचारला गेला नाही. चूक माझी.’ आणि सही केली.

पॅनेलची मीटिंग जानेवारीत, व्हिडिओवर. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, पण त्यांना घाम फुटला होता.

“सार्वजनिक पैसा या गोष्टींसाठी असतो का, असा माझा प्रश्न आहे,” ते म्हणाले.

“डेक्लनला चर्चला आणि पबला जाता यावं म्हणून तुम्ही रॅम्प मंजूर केलात,” मी म्हटलं. “तिथे जाण्याची काय गरज, असं कुणी विचारलं नाही.”

“ते वेगळं आहे.”

“फॉर्म तुमचा आहे, सर. चौदावा रकाना तुम्हीच छापलाय. तो भरला नाही, ही चूक माझी. आता भरलाय. भरलेला चालणार नसेल, तर छापला कशाला?”

ग्रॉनियाने कॅमेरा बंद केला. ती हसत होती, हे मला नंतर कळलं.

सेशन्स आणि डिव्हाइस त्याच आठवड्यात मंजूर झाले. बेडवर शंका आल्या, पत्रं गेली, पत्रं आली, एप्रिलपर्यंत चाललं. शेवटी मंजूर झाला.

मधल्या काळात माझ्या सगळ्या फाइल्स तपासायला मागितल्या. लेखी समज मिळाली. मग मी एकेकाला फोन करून चौदावा प्रश्न विचारायला सुरुवात केली. एक चौसष्ट वर्षांची विधवा बाई होती, पार्किन्सन्सची. ती शांतपणे म्हणाली, “मला खरंच लागू नाही गं. पण विचारलंस, बरं वाटलं.” तिच्या रकान्यात मी परत तेच दोन शब्द लिहिले. या वेळी ते तिचे होते.

मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाली. जूनमध्ये मी बेड तपासायला डेक्लनकडे गेले. अंगणात लाउथ जिल्ह्याच्या नंबरप्लेटची गाडी, म्हणजे डंडॉककडची. स्वयंपाकघरात ऑर्ला, उंच, केस विस्कटलेले, हातात टोस्ट. ब्रीडा कोंबड्यांकडे गेली होती, बहुधा सकाळपासून.

“तू ओटी ना?” ऑर्ला म्हणाली. “एक अडचण आहे. तो खुर्चीवरून बेडवर डावीकडून येतो. आणि मी डावीकडे झोपते.”

पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतका चोख ओटीचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी टेप काढला, खोली मोजली. बेडचं डोकं समोरच्या भिंतीला नेलं की खिडकीकडची बाजू तिला मिळत होती आणि डेक्लनला खुर्ची लावायला दाराकडे जागा. पण मग त्याला उजवीकडून चढावं लागणार होतं.

“हात उत्तम आहेत माझे,” डेक्लन म्हणाला. “उजवीकडून शिकेन.”

शिकायला दोन आठवडे लागले. फाइल बंद करताना मी चौदाव्या रकान्यात शेवटची नोंद केली: ‘डावी बाजू ऑर्लाची.’ पॅनेलने त्यावर काही विचारलं नाही. आता नवीन मुली हाताखाली येतात तेव्हा त्यांना मी एवढंच सांगते की फॉर्म चौदाव्या प्रश्नापासून सुरू करा, नखांचं शेवटी विचारलं तरी चालतं.